तिकिटावरचे तास आणि अंगावरचे तास

आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यात दवाखान्यात आले ते हातात कागद घेऊनच. मला वाटले, साखरेचा रिपोर्ट असेल. पाहतो तर विमानाचे तिकीट! मुलगी न्यू जर्सीत, तिचे बाळंतपण जानेवारीत, आणि गुरुजी व काकू आयुष्यात प्रथमच विमानात बसणार होते. मुंबई ते न्यूअर्क, म्हणजे न्यूयॉर्कच्या शेजारचे विमानतळ. मध्ये कुठे उतरायचे नाही.

"डॉक्टर, हे बघा," गुरुजी म्हणाले, "रात्री दीडला निघायचे आणि सकाळी साडेसहाला पोहोचायचे. तारीख तीच. म्हणजे पाच तास. सोलापूरहून पुण्याला जाण्याइतकाच प्रवास. उगीच लोक अमेरिकेचा बाऊ करतात."

मी हसलो. त्यांना सांगितले की गुरुजी, तिथले घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. पाच अधिक साडेदहा, म्हणजे साडेपंधरा तास विमानात बसायचे आहे. गुरुजी गणिताचे शिक्षक. क्षणभर ओशाळले, मग त्यांनी परतीचे तिकीट काढले. न्यूअर्कहून दुपारी चारला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मुंबई. घड्याळाने पंचवीस तास. त्यातून साडेदहा वजा केले की उरतात साडेचौदा. "जाताना पाच, येताना पंचवीस, आणि खरे दोन्हीकडे पंधराच्या आसपास!" गुरुजींना भारी मौज वाटली. मी त्यांचा रक्तदाब पाहिला, गोळ्या आणि इन्सुलिन तीन महिन्यांचे लिहून दिले, शुभेच्छा दिल्या आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

इथेच माझे चुकले. गुरुजी दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घेत होते, सकाळी आठ आणि रात्री आठ. तासांचे गणित मी तिकिटापुरते सोडवले, इन्सुलिनपुरते सोडवलेच नाही. त्याचे काय झाले ते पुढे सांगतो. आधी या अंतराविषयी थोडे.

अंतर किती आणि वेळ का बदलतो

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. पण सरळ म्हणजे कसे? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाटेल की अरबी समुद्र, आफ्रिका आणि मग अटलांटिक. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. दोरा वर सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक असा तो जातो. गोलावरची जवळची वाट ती हीच. विमान दर वेळी नेमके त्या दोऱ्यावरूनच जाते असे नाही. वारा, हवामान आणि कोणत्या देशाचे आकाश उघडे आहे यावर वाट ठरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. अंतराचे आकडे पुस्तकात तेच राहिले, माणसांचे बसणे मात्र वाढले. म्हणून शेजाऱ्याने गेल्या वर्षी सांगितलेल्या तासांवर विसंबू नये. आपल्या तिकिटाचे तास आपण मोजावेत.

जाण्यापेक्षा येणे साधारण तासाभराने कमी का, असे पुष्कळजण विचारतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. अमेरिकेहून येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. सायकल चालवणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

आता आपले गणित. सोलापूर ते मुंबई रस्त्याने चारशे किलोमीटर, जीपने सात-आठ तास. सोडायला आलेली मंडळी, बॅगा, चिवड्याचे डबे, पाय ठेवायला जागा नाही. विमानतळावर तीन-चार तास आधी पोहोचायचे. मग साडेपंधरा तास विमानात. उतरल्यावर तपासणीच्या रांगेत तास-दीड तास, पुढे मुलीच्या घरापर्यंत मोटार. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजले तर तीस तासांच्या आसपास हिशेब जातो. गुरुजींच्या तिकिटावर दिसत होते पाच!

कळसूबाईच्या माथ्यावर पंधरा तास

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते. आत हवेचा दाब वाढवलेला असतो, पण तो जमिनीइतका नसतो. सर्वसाधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जितका असावा तितका. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. म्हणजे विमानात बसलेला माणूस कळसूबाईच्याही वर जाऊन बसलेला असतो. धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. रक्तातला प्राणवायू थोडा उतरतो एवढेच. पण ज्यांना चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते, ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा जुना त्रास आहे, ज्यांचे हिमोग्लोबिन फारच कमी आहे, त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे, काढल्यावर नव्हे. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया होऊन डोळ्यात वायूचा फुगा ठेवलेला असेल तर तो विरेपर्यंत विमानात पाऊल ठेवू नये. उंचीवर तो वायू प्रसरण पावतो आणि दृष्टी जाऊ शकते.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. विमानातल्या हवेत ओलावा अगदी कमी, बहुधा दहा ते वीस टक्के. घसा, नाक, डोळे कोरडे पडतात. पाणी प्या, असे सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण आपल्याकडच्या वयस्क बायका पाणी पीत नाहीत, आणि त्याचे कारण तहान नसणे हे नव्हे. कारण कडेच्या खुर्चीवर झोपलेला परका माणूस. लघवीला उठायचे तर त्याला उठवावे लागणार, संकोच वाटतो, त्यापेक्षा पाणीच नको! काकूंनी जाताना अख्ख्या प्रवासात दोन घोट पाणी घेतले होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले. पंधरा तास त्या खिडकीशी अंग आवळून बसून होत्या. मुलांनी आईवडिलांना हौसेने खिडकीची जागा घेऊन देऊ नये. मार्गिकेच्या कडेची जागा द्यावी.

पोटरीचे काम

बसून राहण्याची खरी भीती पायांत आहे. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आकुंचन पावतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. तासन् तास पाय लोंबकळत ठेवले की हा पंप थांबतो, रक्त साचते आणि खोलवरच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते.

हा काही विमानाचाच रोग नाही. १९४० साली लंडनवर बॉम्बहल्ले होत होते तेव्हा लोक रात्रभर तळघरातल्या आसऱ्यांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. अशा काही माणसांचे फुप्फुसात गुठळी जाऊन मृत्यू झाल्याची नोंद त्याच वर्षी कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी केली. तिथे विमान नव्हते, फक्त खुर्ची होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष सांगितले तेही असेच. चार तासांहून अधिक एका जागी बसून केलेल्या प्रवासाने गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे, बस वा मोटार. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण मुळात हा धोका लहान आहे. निरोगी माणसांत साधारण सहा हजारांत एक. पण ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेतात, जे फार स्थूल आहेत, त्यांच्यासाठी हा आकडा इतका लहान राहत नाही.

आमच्याच भागातल्या एक बाई मुलाकडून परत आल्यावर पाचव्या दिवशी माझ्याकडे आल्या. डावा पाय दुखतो, प्रवासाने पाय सुजलेत, दोन गोळ्या द्या, असे म्हणाल्या. लांबच्या प्रवासाने दोन्ही पाय थोडे सुजतात, ते दोन दिवसांत ओसरतात. यांचा एकच सुजला होता. मी टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजल्या. डावी साडेतीन सेंटिमीटरने जास्त भरली. हात लावला तर गरम. त्याच दुपारी त्यांना सोलापूरला पाठवून डॉपलर सोनोग्राफी करवली. गुठळी निघाली. तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागली, आज त्या ठणठणीत आहेत. दोन दिवस मालिश करून थांबल्या असत्या तर काय झाले असते, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. गुठळी प्रवासानंतर काही आठवड्यांनीही होऊ शकते. एकच पाय सुजणे, पोटरीत दुखणे, अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, यांपैकी काही झाले तर डॉक्टरांना 'मी एवढ्यात लांबचा प्रवास केला' हे आपणहून सांगावे. विचारायचे राहून जाते.

उपाय साधे आहेत. दर तासाला बसल्या बसल्या टाचा वर, चवडे वर, असे वीस-पंचवीस वेळा करावे. जागे असताना दोनेक तासांनी उठून मार्गिकेतून एक फेरी मारावी. पायाखाली बॅग ठेवून जागा अडवू नये. झोपेची गोळी घेऊ नये. ती घेतलेला माणूस सहा तास हलत नाही. मद्याचेही तेच. ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी पोटरीला दाब देणारे लांब मोजे डॉक्टरांकडून माप घेऊन वापरावेत. गुठळी होऊ नये म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन खाऊन निघू नये. आणि विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय ज्यांना हवी त्यांनी जरूर घ्यावी, पण चालता येणाऱ्यांनी केवळ इंग्रजी बोलण्याच्या भीतीने ती घेतली तर पाय मोकळे करण्याची होती नव्हती ती संधीही जाते. खुर्ची ढकलणाऱ्याला सांगून चार पावले चालावे.

गुरुजींचे इन्सुलिन

आता गुरुजींकडे येऊ. निघताना मुंबईच्या विमानतळावर त्यांनी रात्री आठचे इन्सुलिन घेतले, मुलीने सांगितल्याप्रमाणे जेवले. विमानात कोणीतरी सांगितले म्हणून बसल्याबरोबर घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेला लावले. झाले! घड्याळाप्रमाणे सकाळचे आठ अजून फार दूर होते. मध्ये दोनदा जेवण आले, ते त्यांनी घेतले. साडेसहाला उतरले तेव्हा त्यांच्या मते रात्रीच्या इन्सुलिनला साडेदहा तास झाले होते, प्रत्यक्षात एकवीस. मुलीच्या घरी साखर मोजली तर ३४०.

परतताना उलटे झाले. मुलीकडे सकाळी आठला इन्सुलिन घेऊन निघाले. विमानात तिथल्या रात्री आठला जेवणाबरोबर दुसरे घेतले, ते बरोबरच होते. मग शेजारच्याने सुचवल्यावरून घड्याळ भारतीय वेळेला लावले आणि झोपले. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि मनगटावर साडेअकरा. "अहो, सकाळचे इन्सुलिन राहिलेच की!" ते त्यांनी घेतले. आधीच्या डोसाला फक्त पाच तास झाले होते. समोर आलेले सँडविच आवडले नाही म्हणून अर्धे ठेवले. दोन तासांनी अंगाला दरदरून घाम, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध. काकूंना वाटले हृदयविकाराचा झटका आला. त्या ओरडल्या, हवाई सुंदरी धावत आली. कोणाला काही कळण्याआधी काकूंनी पर्समधली खडीसाखर गुरुजींच्या तोंडात घातली, कारण गावी एकदा असेच झाले होते ते त्यांना आठवले. मग फळांचा रस आला. पंधरा मिनिटांत गुरुजी भानावर आले आणि पहिली गोष्ट त्यांनी विचारली, "किती वाजले?"

हे सारे त्यांनी मला दवाखान्यात बसून सांगितले, तेही कौतुकाने, काकूंच्या प्रसंगावधानाचे. दोष त्यांनी मला दिला नाही. मला मात्र तो दिसत होता. इन्सुलिनला कोणत्या देशात सकाळ झाली हे कळत नाही. आधीच्या डोसाला किती तास झाले आणि पोटात किती अन्न गेले, एवढेच त्याला कळते. पश्चिमेकडे जाताना गुरुजींचा तो दिवस साडेचौतीस तासांचा झाला होता आणि परतताना साडेतेरा तासांचा. लांब दिवसाला जादा डोस लागू शकतो, तोकड्या दिवसाला कमी करावा लागतो. किती, हे प्रत्येकाच्या इन्सुलिनच्या प्रकारावर अवलंबून आहे, म्हणून ते मी येथे लिहीत नाही. आपल्या डॉक्टरांना तिकीट दाखवून कागदावर लिहून घ्यावे. फिट्सच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही हेच करावे.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नये. ती विमानाच्या पोटात जाते, तिथे ते गोठून निकामी होऊ शकते आणि बॅग चुकली तर परक्या देशात पंचाईत. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, औषधाचे मूळ नाव लिहून ठेवावे. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नयेत.

झोपेविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर औषधापेक्षा धीरच कामी येतो. शरीराचे आतले घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते. साडेदहा तासांचा फरक म्हणजे आठ-दहा दिवस गेले असे समजा. भारतात परतल्यावर अनेकांना जास्त दिवस लागतात. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, तिथल्या वेळेला जेवावे, दुपारी लांब झोप काढू नये. काकू न्यू जर्सीत पहिला आठवडा पहाटे तीनला उठून चहा करायच्या आणि त्या आवाजाने अख्खे घर जागे व्हायचे. वयस्क माणसे अशा रात्री अनोळखी घरात अंधारात चाचपडतात आणि पडतात. न्हाणीघराकडचा एक दिवा रात्रभर चालू ठेवावा, एवढे मुलांनी लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

२०२३ मध्ये दुसऱ्या नातीच्या वेळी गुरुजी पुन्हा गेले. त्या वेळी मी एक तक्ता करून दिला. वर लाल शाईने लिहिले होते, 'विमानात घड्याळ बदलायचे नाही'. एका रकान्यात भारतीय वेळ, दुसऱ्यात तिथली, तिसऱ्यात डोस, चौथ्यात मोजलेली साखर लिहायला मोकळी जागा. मधुमेहींचे जेवण दोन दिवस आधी कळवून ठेवले होते, कडेची जागा घेतली होती. परत आल्यावर गुरुजींनी तो कागद आणून दिला. चौथा रकाना सुवाच्य अक्षरात पूर्ण भरलेला. सर्वांत जास्त साखर २१०, सर्वांत कमी ११८. खाली गुरुजींनी सवयीने तारीख घालून सही केली होती.

परवा ते पुन्हा आले, हातात कागद. मुलगी आता सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहायला गेली आहे. मुंबईहून साडेतेरा हजार किलोमीटर, हिवाळ्यात घड्याळाचा फरक साडेतेरा तासांचा, आणि या वेळी मध्ये एक विमान बदलायचे आहे. काकूंच्या गुडघ्यांनी मध्यंतरी पुष्कळ त्रास दिला, त्यामुळे त्याही बरोबर आल्या होत्या.

"डॉक्टर, किती तास धरायचे?" गुरुजींनी विचारले.

मी कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणालो, "बसा. आधी घरातून किती वाजता निघणार ते सांगा."